पुलाच्या पलीकडचे निखारे

दुपारचं जेवण आटोपून अण्णा सतरंजीवर आडवे होतात. छातीवर पुस्तक पालथं, चष्मा कपाळावर. झोप म्हणावी अशी अजून लागलेली नाही. डोळे मिटले की पापण्यांच्या आत तांबडं ऊन दिसतंय, आणि स्वयंपाकघरात त्रिशलाबाई भांडी पुसून फळीला लावतायत त्याचा आवाज येतोय. एक भांडं, मग थोडा वेळ काही नाही, मग पुढचं.

पाच वाजता निलोफर येणार आहे.

निलोफर म्हणजे त्यांच्या मुलीची, चंदनाची, पुण्यातली मैत्रीण. दोघी सात वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिल्या. टीव्हीखालचं गेमचं मशीन दोघींनी मिळून घेतलेलं. घरून काम करायच्या दिवसांत चंदनानं ते जयसिंगपूरला आणलं आणि मग ते इथंच राहिलं. चंदना भाद्रपदात गेली. नऊ दिवस ताप होता, दहाव्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला. छत्तीस वर्षांची होती. आता माघ चाललाय. त्रिशलाबाईंनीच निलोफरला कळवलं, येऊन घेऊन जा बाई तुझं, आमच्यात कोण खेळणार आहे.

 अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, हा माणूस एकूणच बोलण्यातला नव्हे. चौतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली, तिथं न बोलणं हाच नियम होता, त्यामुळे निभावलं. पण पाचच्या आत एक गोष्ट करायची आहे आणि ती आपल्याच्यानं व्हायची नाही, हे सकाळपासून त्यांना कळून चुकलंय.

गोष्ट अशी. चंदना खेळायची तो गेम भयंकर अवघड. चिलखत घातलेली एक बाई ओसाड मुलखातून चाललेली असते आणि पावलोपावली कोणीतरी तिला मारतं. मेली की ती मागच्या शेकोटीपाशी उठून बसते. अण्णा मागं खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचे आणि चष्म्यावरून बघायचे. "मेलीस?" "मेले." "मग आता?" "आता परत." एवढंच बोलणं, पण संध्याकाळभर चालायचं. त्या बाईनं वाटेत ज्याला ज्याला मारलं त्याचे निखारे तिच्याकडे गोळा होतात, पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा आकडा दिसतो. शेकोटीत घातले की तिचं बळ वाढतं. मात्र मेली, की होते नव्हते तेवढे सगळे निखारे मेली त्या जागीच पडतात. परत जाऊन उचलायची संधी एकदाच. जाताना वाटेत पुन्हा मेली, तर ते कायमचे विझले.

कार्तिकात एकदा त्रिशलाबाई जैन बस्तीत, देवळात, दर्शनाला गेल्या असताना अण्णांनी मशीन चालू केलं. खेळायला नव्हे. त्या बाईचा चेहरा चंदनानं स्वतः बनवला होता, दोन तास बसून नाकडोळे ठरवले होते, आणि तो त्यांना एकदा नीट बघायचा होता. बाई एका लांब पुलाच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरी उभी होती. चंदनानं शेवटची जिथं सोडली तिथंच. तोंड इकडं करावं म्हणून अण्णांनी अंगठ्यानं कंट्रोलरवरची दांडी जराशी ढकलली. ती वळली नाही, सरळ चार पावलं पुढं गेली. कठड्याआडून घंटेसारख्या डोक्याचा एक राखणदार उठला आणि एका फटक्यात कारभार आटोपला. बाई पुलाच्या अलीकडच्या शेकोटीपाशी उठून बसली. कोपऱ्यातला आकडा शून्य झाला होता.

त्यानंतर अण्णांनी त्या गेमबद्दल सापडेल ते सगळं वाचून काढलं. एक दोनशे पानी वही भरली. पण मशीनला परत हात लावला नाही. निखारे पलीकडे पडलेले आहेत, म्हणजे आहेत तरी. आणायला जावं, तर आपण वाटेत मरणार याची त्यांना खात्री. न जावं, तर आज पाचला सगळंच उचललं जाणार.

फळीला आणखी एक भांडं लागतं. मग एक खण ओढल्याचा आवाज येतो. लाकडी, जरा अडकून मग सुटणारा.

आपल्या स्वयंपाकघरात लाकडी खण कुठला, असं अण्णांच्या मनात येतं, आणि ते खण पुरता बाहेर ओढतात.

खणात कार्डं आहेत. कॉलेजची लायब्ररी आहे, फक्त वर छत नाही, आणि ते तसंच असायचं असं वाटतंय. कार्डांवर अण्णांचंच अक्षर. टाकीत पाणी किती मावतं. वाफेचा जोर किती. ग्राइंडर आत आहे की वेगळा घ्यावा लागेल. पुण्यात दुरुस्ती होते का. कॉफी मशीनची कार्डं ही. चंदनाला घरी एस्प्रेसो करायचं मशीन घ्यायचं होतं, आणि दोन वर्षं ती ते घेत होती. एखादं आवडलं की ती फोनवर पाठवायची, अण्णा त्याचं कार्ड करायचे. पुस्तक असो की मशीन, नोंद केल्याशिवाय काही आत घ्यायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

"त्रेचाळीस झाली?" मागून आवाज येतो.

पुस्तकं काढायच्या शिडीवर, वरून दुसऱ्या पायरीवर, चंदना बसलीय. केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचलेली. पाय लोंबतायत. पायात चपला नाहीत.

"हळू बोल," अण्णा सवयीनं म्हणतात.

"मी हळूच बोलतेय. तुम्हालाच आता ऐकू कमी येतं."

"तू कधी आलीस?"

"तुम्ही खण ओढलात तेव्हा."

अण्णा दाराकडे बघतात, कोणी ऐकत नाही ना म्हणून. "आई म्हणते, असं यायचं नसतं."

"आई बरोबर म्हणते."

त्रिशलाबाई म्हणतात ते अण्णांनी पुस्तकांतूनही वाचलेलं आहे. देह सुटला की जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढच्या जन्माला लागतो, मधे कुठं थांबत नाही. म्हणून त्यांच्यात श्राद्ध नाही, पान वाढणं नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. शेजारचे कुलकर्णी पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून हात जोडून उभे होते तेव्हा अण्णांना त्यांचा हेवा वाटला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

"चाळीसच होती की," चंदना खणाकडे बघत म्हणते. "मी होते तेव्हा."

"दिवाळीत तीन नवीन आली."

"मग त्यांची पण केलीत?"

"केली."

ती हसत नाही. शिडीवरून उतरते आणि कपाटांच्या मधून चालायला लागते. कपाटांत पुस्तकांच्या जागी मशीनं आहेत, चकचकीत, काळी, तांबडी, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी डकवलेली. काहींच्या नळीतून वाफ येतेय. अण्णा मागोमाग जातात. वाफेनं चिठ्ठ्या ओल्या होतील, नंबर पुसतील, ही काळजी त्यांना लागते.

"श्रावणात तू चाळिसातून दोनवर आणलं होतंस," ते म्हणतात.

"आणलं होतं."

"मला म्हणालीस, अण्णा, तुम्ही ठरवा. आणि मी म्हटलं दिवाळीपर्यंत थांब. घाई कशाला."

"म्हणालात."

"मी ठरवलं असतं तर महिनाभर तरी प्यायली असतीस."

"साधारण महिनाभर," चंदना म्हणते. विचार करून, हिशोबी, जशी ती ऑफिसच्या फोनवर बोलायची तशी. नाही हो अण्णा, तसं काही नाही, असं ती म्हणेल म्हणून अण्णा थांबतात. ती तसं काही म्हणत नाही.

कपाटं संपतात आणि पायाखाली डांबर लागतं. अंकलीचा पूल. खाली कृष्णा, पाणी कमी, बरंचसं पात्र उघडं. एकही गाडी नाही, नुसताच उसाच्या चिपाडांचा वास येतोय. अण्णा आयुष्यात हजार वेळा या पुलावरून सांगलीला गेलेत, पण तो एवढा लांब कधी नव्हता. पलीकडच्या टोकाला, रस्त्याच्या मधोमध, काहीतरी लालसर धुगधुगतंय. कठड्याला टेकून एक माणूस पेपर वाचतोय. त्याचं डोकं घंटेसारखं आहे.

अण्णांचे पाय थबकतात.

"चंदू," ते म्हणतात, "तुझे निखारे माझ्या हातून पडले."

"माहितेय."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुमच्या तोंडावर दिसतंय की. लायब्ररीचं पुस्तक हरवल्यावर पोरं यायची ना तुमच्यासमोर, तसं तोंड केलंय."

"मला फक्त तिचा चेहरा बघायचा होता. पाठमोरी होती."

"मग बघितलात का नंतर?"

"नाही. बंदच केलं."

"नाक तुमचं दिलंय तिला," चंदना म्हणते. "म्हणून ते शिरस्त्राण धड बसत नव्हतं. मी म्हटलं असू दे."

अण्णा नकळत नाकाला हात लावतात. मग त्यांना पुढचं विचारायचं असतं, जे वही भरूनही कळलं नव्हतं. "एवढे निखारे तू नुसते घेऊन का उभी होतीस? शेकोटी मागंच होती. घालून टाकायचेस. बळ वाढलं असतं."

चंदना कठड्यावरून खाली पाण्याकडे बघते. "कशाचं बळ वाढवावं ते ठरत नव्हतं. हाताचं, की चालीचं, की ढालीचं. तीन आठवडे बघत होते. लोक काय म्हणतात ते वाचत होते. म्हटलं आणखी थोडं वाचू, मग घालू."

 अण्णांना त्या पुलावर उभ्या उभ्या वाटतं की आपण हिला नाक दिलं, केस दिले, आणि हेही दिलं. इतकं शिकली, एकटी राहिली, शंभरदा मरून शंभरदा उठणारी पोरगी, आणि हातात आलेलं वापरायची वेळ आली की आपल्यासारखी उंबऱ्यात उभी.

"हा माझा गुण," ते म्हणतात.

"गुण म्हणताय?" ती त्यांच्याकडे वळून बघते, आणि आता हसते, अर्धंच. "बरं. गुण म्हणू."

पुलाच्या कठड्याला लागून आता एक टेबल आहे. लायब्ररीतलं, पुस्तक देवघेवीचं, कडेला शाईचा डाग असलेलं. त्यावर तीन मशीनं मांडलेली. उन्हं कलली आहेत. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकत आलाय.

कुठूनतरी, बहुतेक खालून नदीतून, त्रिशलाबाईंचा आवाज येतो. "दिवस बुडायच्या आत आटपा. मग मी काही तोंडात घेऊ द्यायची नाही."

"ऐकलंत?" चंदना म्हणते. "वेळ नाहीये. कुठलं?"

"कार्डं तिकडं राहिली."

"कार्डं नाहीत. कुठलं?"

अण्णा तिन्ही मशीनं बघतात. पहिल्याची टाकी लहान. दुसऱ्याचं काही आठवत नाही. तिसरं दिवाळीतलं, त्याबद्दल दोन मतं होती. सूर्य तुऱ्यांत अर्धा शिरतो. घंटेच्या डोक्याचा माणूस पेपरची घडी घालून काखेत मारतो आणि त्यांच्याकडे बघत राहतो.

"हे," अण्णा म्हणतात, आणि हात मधल्यावर पडतो.

"का?"

"काही नाही. हे."

चंदना बापाकडे क्षणभर बघत राहते. मग पटापट कामाला लागते. डबा उघडते, मूठ असलेल्या गाळणीत कॉफीची पूड भरते, बोटानं सारखी करते आणि अण्णांच्या हातात एक छोटा जड दट्ट्या देते. वर गोल बोंड, खाली सपाट लोखंड.

"दाबा. पूड घट्ट बसली पाहिजे, नाहीतर पाणी नुसतंच पळतं."

अण्णा दाबतात.

"हे काय, पुस्तकावर शिक्का मारताय? दाबा की."

"सांडेल."

"सांडू दे. अंगाचा भार टाका."

ते दट्ट्यावर वाकतात. बोंड तळहाताच्या मध्यात रुततं. चंदना त्यांच्या हातावर आपला हात ठेवते आणि वरून दाबते. तिचा हात गरम नाही, थंड नाही. जड आहे. तापातला तिचा हात त्यांनी धरला नव्हता. दवाखान्यात आत एकालाच सोडत होते आणि तिथं त्रिशलाबाई गेल्या. अण्णा बाहेर बाकावर पुस्तक हातात घेऊन बसले होते, त्याचं पान उलटत होते.

"चंदू, मी आणायला गेलो आणि वाटेत मेलो तर?"

"तर निखारे गेले."

"तुला काही वाटणार नाही?"

"मला वाटायचं ते वाटून झालं, अण्णा." तिचा आवाज कानाजवळ आहे. "मी शंभरदा मेलेली बघितलीत तुम्ही. रडले कधी?"

"एकदा कंट्रोलर आपटला होतास."

"तो एकदाच. आणि तो निलोफरचा होता."

अण्णांना हसू येतं. ऊस काळा पडलाय. सूर्याची नखाएवढी कोर उरलीय. कॉफी अजून झालेली नाही, पाणी अजून सोडलेलं नाही, आणि त्यांना एक विचारायचं आहे. ते विचारायची आपली लायकी नाही असं त्यांना वाटतं, आणि तरी ते विचारतात.

"तू आता कुठं आहेस?"

"दाबा," चंदना म्हणते. "सोडू नका. अजून."

ते डोळे मिटून सगळं अंग हातावर लोटतात. तळहातातून कळ कोपरापर्यंत जाते. वरचं वजन कधी उचललं गेलं ते त्यांना कळत नाही, कारण ते दाबतच आहेत.

"अहो. उठा. साडेतीन झाले."

छत आहे. पंखा आहे. त्रिशलाबाई पदराला हात पुसत उभ्या आहेत. छातीवरचं पुस्तक घसरून लांब पडलंय. अण्णा कुशीवर वळलेले आहेत आणि त्यांचा उजवा हात सतरंजीवर पालथा, ताठ, अजून दाबतोय.

"हात अवघडला काय? कण्हत होतात."

अण्णा उठून बसतात. हात उलटा करतात.

तळहाताच्या बरोबर मध्यात एक गोल खळगा पडलाय. सुपारीएवढा. कडेला लाल रेघ, आतलं कातडं पांढरं, रक्त उतरलेलं. ते बोटानं चाचपतात. दुखतो.

त्रिशलाबाई हात आपल्याकडे ओढून उजेडात धरतात. "काय रुतलं हे?" त्या सतरंजीचं टोक उचलून बघतात. खाली नुसती गुळगुळीत फरशी. सतरंजी झटकतात. काही पडत नाही. पुस्तक उचलून बघतात. पुस्तकाला गोल काही नसतं.

"चंदना आली होती," अण्णा म्हणतात.

एवढं बोलून ते मान खाली घालतात. आता त्या सांगतील, जीव असा मागं येत नसतो, मनाचे खेळ असतात, आणि उगीच मोहात अडकू नये. त्यांचं बरोबरच असेल.

त्रिशलाबाई खळग्याच्या कडेवरून अंगठा हळू फिरवतात, एकदा पूर्ण. मग अण्णांची बोटं एकेक करून मिटवतात आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसतात. स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळतोय.

"काही म्हणाली?" त्या विचारतात.

"तिची एक वस्तू माझ्या हातून पडलीय. त्या गेममध्ये. पुलाच्या पलीकडे." अण्णा शब्द शोधतात. "आणायला जायचं तर एकदाच जाता येतं. हुकलं तर ती गेली. मला काही ते येत नाही, त्रिशला."

"पाचला निलोफर येईल."

"हो."

त्रिशलाबाई उठतात. टीव्ही लावतात. मशीनचं बटण कुठलं ते त्यांना माहीत नाही, त्या वाकून हातानं चाचपत राहतात आणि शेवटी सापडतं. कंट्रोलर आणून अण्णांच्या मांडीवर ठेवतात आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसतात. पडद्यावर अंधार, मग शेकोटी, मग लांब पूल.

अण्णा चष्मा डोळ्यांवर ओढतात आणि मूठ उघडतात. खळगा तसाच आहे, कड जरा फिकी झालेली, इतकंच. ते कंट्रोलर दोन्ही हातांत घट्ट धरतात, उजवा तळहात दुखतो, आणि ते दांडी पुढं ढकलतात.